सरळ विमानाने दीड तास

दोन शहरांमधलं अंतर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर. विमानाला दीड तास लागतो, आणि त्यातलाही बराचसा वेळ पट्टा बांधण्या-सोडण्यात जातो. धाकटीला हे तोंडपाठ होतं, कारण विमानाची तिकिटं काढून देण्यात तिची उमर गेली होती. तिच्या दादाला मात्र हे अंतर कधी झेपलं नाही. आईने धाकटीच्या घरी अंथरूण धरलं तेव्हा तो फोनवर उसासे टाकायचा, "अगं, यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो." आई बुधवारी गेली. तो रविवारी आला आणि सोमवारी कामाला हजर झाला.

त्यानंतर दादा नामांकित वक्ता झाला. विषय एकच: आई. बायाबापड्या हुंदके देत, दादा मानधनाचं पाकीट घेई. यथावकाश धाकटीच्याच शहरातून बोलावणं आलं.

"चिमे, तिकीट तूच काढ. संध्याकाळी सहाला भाषण आहे."

"बसवते की तुला विमानात. तिकीट एकदा वाचून घे हं."

"घरचं माणूस असताना वाचायचं कशाला?"

धाकटीने वाकडे मार्ग तेवढे पडद्यावर काढले आणि भाजी निवडावी तसे निवांत निवडले. पसंत पडला तो मार्ग आधी दक्षिणेला जात होता, मग पूर्वेला, आणि मग जमलंच तर इकडे.

भाषणाच्या दिवशी दुपारी फोन वाजला. "चिमे, हे कुठे उतरवलंस मला? पुढचं विमान चार तासांनी आहे!"

"यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो रे दादा. तूच सांगायचास."

विमानतळावरच्या घोषणांवर दादाने आवाज चढवला. "सूड उगवतेस माझ्यावर?"

"छे! तिकीट काढलंय."

सहा वाजले. सभागृह भरलं, वक्ता नाही. संस्थेचे सेक्रेटरी घामाघूम होऊन पहिल्या रांगेत बसलेल्या धाकटीकडे आले. "तुम्ही बहीण ना त्यांची? मग आई तुमचीही असेलच. दोन शब्द बोलता का?"

हे काही तिने योजलं नव्हतं. पण ती उठली. आईची नखं कशी कापायची, तिला कुशीवर कसं वळवायचं, चिडली की ती कुणाकुणाचा उद्धार करायची, हे सगळं तिने साध्या आवाजात सांगितलं. लोक हसले, मग हसायचे थांबले.

सभा उठायच्या बेताला मागचं दार उघडलं. हातात बॅग, सुटाला सुरकुत्या, दादा उभा. धाकटीने त्याला पाहिलं. तिला तिथेच थांबता आलं असतं.

"शेवटच्या आठवड्यात," ती म्हणाली, "आईने खाट दाराकडे वळवून घेतली. येणारा दिसावा म्हणून."

"मग? आलं का कोणी?" पुढच्या रांगेतल्या आजींना राहवलं नाही.

धाकटीने हात लांब करून दाराकडे दाखवलं. "हा काय, आत्ता येतोय."

सगळं सभागृह मागे वळलं. धाकटी माईकपाशी उभी राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.