तेलातलं तोंड

ही गोष्ट दोन हजार एकोणीस सालची. त्या वर्षी दिवाळीतल्या पावसानं उभी ज्वारी काळी पाडली होती आणि वरवट बकालात कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या. पुष्पाबाईंना देवाकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. कापूस वेळेवर घरात यावा, आणि सुनेचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी व्हावं. देवानं दोन्हींकडे पाठ फिरवली.

सून पूनम जळगाव जामोदची. तिला माहेरी पाठवायची सगळी तयारी झाली आणि नेमकी तिची आई माळ्यावरून लोणच्याची बरणी काढताना पडली, मांडीचं हाड मोडून बसली. पुष्पाबाई भेटायला गेल्या, केळी दिली, "आराम करा, आम्ही आहोत ना," असं गोड बोलल्या, आणि परतीच्या एसटीत घरापर्यंत स्वतःशी पुटपुटत राहिल्या. बरणी काय तेव्हाच काढायची होती? आणि काढायचीच तर घरात मुलगा काय देव्हाऱ्यात बसवायला ठेवलाय?

बाळाचा बाप, म्हणजे पुष्पाबाईंचा गजेंद्र, फौजेत. त्याला नेमकं त्याच हिवाळ्यात बेळगावला कसल्याशा अवघड ट्रेनिंगला धाडलेलं. सुट्टी नाही. फोनसुद्धा काढून घेतलेला, रविवारी दुपारी थोडा वेळ हातात मिळे तेवढाच.

"सात वर्सं झाली नोकरीले," पुष्पाबाई नवऱ्यावर चिडल्या. "आता आणखी काय शिकवून राह्यले त्याले?"

"दोरीवर चढणं," उत्तमराव म्हणाले.

"ते तर आपल्या विहिरीवरही आलं असतं."

डिसेंबरात जळगावच्या दवाखान्यात मुलगी झाली. पुष्पाबाईंनी तिला दुपट्यात घेतलं. नाक गजेंद्रचं, कपाळ पूनमचं, आणि रडणं थेट तानाबाईंचं.

तानाबाई म्हणजे उत्तमरावांची थोरली बहीण. भर ज्वानीत कुंकू पुसलं तेव्हापासून भावाच्या घरी. वय ऐंशीच्या पलीकडे, डोळे अधू, पण घरात कुठल्या डब्यात काय आहे ते पुष्पाबाईंपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. बाळ घरी आलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि तानाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो जन्मवेळेचा. उत्तमरावांना त्याच पावली जळगावच्या गुरुजींकडे पिटाळलं. ते संध्याकाळी परतले ते मान खाली घालूनच.

"मूळ नक्षत्र," ते म्हणाले. "पहिलं चरण."

तानाबाई मटकन खाली बसल्या. "बापावर," एवढंच बोलल्या.

त्या घरात ही समजूत पिढ्यानपिढ्यांची. मुळाच्या पहिल्या चरणातलं लेकरू बापाला जड. ते नक्षत्र पुन्हा फिरून येईल तेव्हा शांत करायची, तोवर बापानं लेकराचं तोंड पाहायचं नाही. शांत झाल्यावरही आधी काशाच्या वाटीत तूप नाहीतर तेल घेऊन त्यात पडलेलं तोंड पाहायचं, आणि मगच खरं.

"बाप बेळगावले हाये, बाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "तो कुठून पाहीन?"

"त्या मोबाईलमधून पाहीन! मागच्या रविवारी आपलं मांजर पाहून राह्यला होता त्याच्यातून. मी आंधळी हाव, येडी नाही."

बाळंतिणीच्या खोलीतून पूनमचा आवाज आला, "आत्याबाई, फोटोनं कुठं काही होते का?"

"तुले काय माहीत व पोरी, काय होते अन् काय नाही!"

पुष्पाबाईंनी दोघींना गप्प केलं. डिंकाचे लाडू वळायचे होते, शेक द्यायचा होता, शेतात कापूस लोंबत होता. नक्षत्र बघायला त्यांना सवड नव्हती.

रविवार उजाडला. पूनमनं सकाळीच बाळाला न्हाऊमाखू घालून घेतलं, टोपडं घातलं, काजळाची तीट लावली, आणि उशीखाली हात घातला तर फोन नाही. सारं घर उलथंपालथं झालं. गाद्या झटकल्या, लाकडं हलवली, शेजारच्या कलाबाईही शोधायला आल्या आणि शोधता शोधता दोन लाडू खाऊन गेल्या. दुपारी फोन वाजला. वाजला तो माजघरातल्या ज्वारीच्या कोठीतून.

पुष्पाबाईंनी पाटावर चढून कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला. फोन वाजायचा थांबला. पुन्हा वाजला. त्यांनी तो ओढून काढला तेव्हा त्यांच्या पदरात, केसांत, चोळीत सगळीकडे ज्वारी, आणि कोपऱ्यात तानाबाई जपमाळ ओढत बसलेल्या, जसं काही या जगात त्या नाहीतच.

"आई, किती वेळ लावला! कॅमेरा चालू कर लवकर. दाखव तिले."

पुष्पाबाईंनी तानाबाईंकडे पाहिलं. मग दारात उभ्या उत्तमरावांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. नाही.

"कॅमेरा बिघडला," पुष्पाबाई म्हणाल्या.

"काऊन बिघडला? बुधवारी तर पूनमनं मले मेसेज टाकला का फोटो काढले, रविवारी दाखवते म्हणून!"

"बिघडला म्हणजे बिघडला. ज्वारी गेली त्याच्यात."

"फोनमध्ये ज्वारी?"

"तू जेवला का?" पुष्पाबाईंनी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही की आया हेच विचारतात.

गजेंद्रला सगळं कळलं ते पूनमनं फोन हिसकावून रडत सांगितलं तेव्हा. तो पलीकडून ओरडला, की हे कुठल्या जमान्यातलं, मी आत्ताच पाहणार. आणि मग आवाज बदलून म्हणाला, की वेळ संपली, पुढच्या रविवारी. पूनमनं फोन गादीवर टाकला.

"कलाबाईनं पाह्यली. दूधवाल्यानं पाह्यली. भांडेवालीनं पाह्यली. एक बापच राह्यला," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. रात्री तिनं जेवण परत पाठवलं. पुष्पाबाईंच्या डोक्यात कळ गेली, कारण बाळंतीण जेवली नाही तर दूध आटतं, आणि दूध आटलं तर त्याचंही खापर नक्षत्रावर न फुटता सासूवर फुटतं.

दुसऱ्या दिवशी त्या शेतात उत्तमरावांवर बरसल्या. दोघं एकाच ओळीत कापूस वेचत होते.

"बाईचं समजू शकते मी. म्हातारी हाये. पण तुम्ही? तुम्ही पेपर वाचता. तुमच्या एका शब्दावर बाई गप झाली असती."

उत्तमराव बोंडातून कापूस काढत राहिले. मग म्हणाले, "मी कोणत्या नक्षत्रावरचा हाये, माहीत हाये ना तुले?"

पुष्पाबाईंचा हात थांबला. माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या वडिलांना कुणीतरी कानात सांगितलंही होतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात हा विषय नवऱ्याच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. उत्तमरावांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या वडिलांना कापसाच्या पऱ्हाटीत साप चावला. तानाबाई तेव्हा परकर नेसायच्या वयाच्या. बापानं त्या बाळाला हातात घेऊन अंगणात नाचवलं होतं, ते त्यांनी पाहिलेलं.

"सापानं मारलं त्यायले," पुष्पाबाई म्हणाल्या.

"मले माहीत हाये. तुले माहीत हाये. पण शाळेत पोट्टे मले 'बापखाऊ' म्हणत. लग्नात मांडवात कोणी माह्या हातून अक्षता घेत नव्हतं. मरेपर्यंत मायनं माह्याकडं धड पाह्यलं नाही." त्यांनी कापूस ओटीत टाकला. "गजा फौजेत हाये. उद्या बर्फ पडन, गोळी सुटन, गाडी उलटन. देव करो काही न होवो. पण झालंच, तर लोक त्या पोरीकडं बोट दाखवतीन. म्हणतीन, नियम मोडला होता. मी ते एक डाव भोगलं, गजाची माय. नातीले नाही भोगू देणार. मले नक्षत्राचं भेव नाही. मले लोकायचं भेव हाये."

पुष्पाबाईंना नवऱ्याचा राग आला, की हे आधी का नाही सांगितलं. स्वतःचाही आला, की विचारलं का नाही. संध्याकाळी त्या घरी आल्या, हातपाय धुतले आणि सरळ गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, बाप नाही तर शांतीले आजा बसला तर चालन का?"

"चालेल."

"अन् तेलात तोंड पाहाचं, ते फोनमधून पाह्यलं तर?"

गुरुजी बराच वेळ खोकले. "म्हणजे कसं?"

"वाटीत तेल. वर पोरगी. अन् फोनचा डोळा पोरीवर नाही, वाटीवर. तो तेलातलंच पाहीन ना आधी?"

"शास्त्रात मोबाईलचा उल्लेख नाही, पुष्पाबाई."

"म्हणजे मनाईही नाही."

"तसं... मनाईही नाही," गुरुजी म्हणाले आणि घाईनं दक्षिणेचं बोलून मोकळे झाले.

तानाबाईंना पटवायला अख्खा दिवस गेला. "वाटी खरी असली पाह्यजे," या अटीवर त्या तयार झाल्या, म्हणजे त्यांच्या आईच्या वेळची काशाची वाटी. आणि तेल नाही, घरचं साजूक तूप. पुष्पाबाईंनी डोक्याला हात लावला, पण हो म्हणाल्या. मधला एक रविवार पूनमनं फोनवर नुसतं बाळाचं रडणं ऐकवलं. गजेंद्र ऐकत राहिला. त्या दिवशी तो ओरडला नाही.

नक्षत्र फिरून आलं तो दिवस शनिवार निघाला. मुलाच्या जागी उत्तमराव पाटावर बसले. गुरुजींनी सत्तावीस विहिरींचं पाणी मागितलं, ते गावातल्या नळांवरून भरलं आणि कुणी काही विचारलं नाही. ज्या माणसाच्या जन्माला कुणी शांत केली नव्हती, तो नातीच्या नावानं हात जोडून बसला होता, आणि धुरानं की कशानं, सारखे डोळे पुसत होता.

रविवारी दुपारी सगळे माजघरात जमले. तानाबाईंनी सकाळीच तूप वाटीत ओतून देवापुढं ठेवलेलं. फोन वाजला.

"आई, आज वेळ थोडा हाये. सुरू कर."

पुष्पाबाईंनी वाटी उचलली आणि त्यांचा संताप टाळूला गेला. थंडीनं तूप थिजून पांढरंफेक झालं होतं. त्यात तोंड काय, दिवासुद्धा दिसला नसता.

"बाई! मी तेल म्हटलं होतं ना!"

"तूप शुद्ध असते व."

"शुद्ध हाये, पण थिजलं!"

"काय थिजलं?" बेळगावहून आवाज.

"तुह्या आत्याची अक्कल," पुष्पाबाई म्हणाल्या आणि वाटी घेऊन चुलीकडे धावल्या. कासं लगेच तापलं, हाताला चटका बसला, वाटी सांडशीत धरून परत आणेपर्यंत तूप उकळायला लागलेलं. त्याच्यावर बाळ कसं धरायचं? पूनम म्हणाली, तेल घ्या. तानाबाई म्हणाल्या, वाटी बदलायची नाही. शेवटी उत्तमराव उठले, तूप ताटात ओतलं, वाटी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि फोडणीच्या तेलाची बरणी तिच्यात उपडी केली. कुणी काही बोलायच्या आत.

पूनमनं बाळ धरलं. पुष्पाबाईंनी फोनचा डोळा वाटीवर धरला.

"दिसते का?"

"पंखा दिसून राह्यला."

"आता?"

"आता आत्या दिसून राह्यली."

"बाई, बाजूले सरका!"

"मी नीट होते का नाही ते पाहून राह्यली!"

"तुम्हाले दिसत नाही, तुम्ही काय पाहता!"

तानाबाई सरकल्या. पूनम वाकली. तेलाच्या पिवळ्या गोल डबक्यात आधी टोपडं आलं, मग काळी तीट, मग थरथरणारं एवढंसं तोंड. बाळानं जांभई दिली. फोनवर एकदम शांतता पसरली.

"दिसली का रे?" पुष्पाबाई ओरडल्या. "बोल ना! का फोन गेला?"

फोन गेला नव्हता. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग कुणा दुसऱ्याच पोराचा, "काय झालं बे, काऊन रडून राह्यला?"

"दिसली," गजेंद्र म्हणाला. "आई, हिचं नाक तर माह्यावर गेलं."

"मग मी पहिल्या रविवारपासून काय सांगून राह्यली!"

मग फोन सरळ बाळावर फिरला आणि थोड्याच वेळात वेळ संपली. ताटातलं तूप त्या दिवशी पुरणपोळ्यांवर गेलं.

ट्रेनिंग संपवून गजेंद्र पुढच्या मार्चात सुट्टीवर आला आणि सगळं जग बंद पडल्यानं घरीच अडकला. लेकीला त्यानं इतकं अंगाखांद्यावर घेतलं की तिला पाळण्यात ठेवलं की ती बोंबलायची, आणि तो परत गेल्यावर ती सवय पुष्पाबाईंना निस्तरावी लागली. पत्रिकेत अक्षर 'ये' निघालं होतं. तानाबाई तिला येसू म्हणत, शाळेत ती संजीवनी झाली.

तानाबाई त्यानंतर दोन वर्षांनी झोपेतच गेल्या. पूनमच्या आईचा पाय बरा झाला, आता त्या थोड्या लंगडतात पण बरण्या अजून माळ्यावरच ठेवतात. पूनम गावात शिवणकामाचं दुकान चालवते. गजेंद्र हवालदार झाला.

एका हिवाळ्यात बर्फात त्याची गाडी घसरली, खांद्याचं हाड मोडलं, महिनाभर तो दवाखान्यात होता. कलाबाई ओट्यावर बसून कुणाला तरी म्हणाल्या, "मुळावरची पोरगी, दुसरं काय." स्वतःच्या बाबतीत जन्मभर तोंड न उघडलेले उत्तमराव काठी टेकत त्यांच्या दारात गेले. "गाडी बर्फावर घसरली," ते म्हणाले. "माह्या नातीचा सगळा नियम पाळला हाये. तेल मी माह्या हातानं ओतलं. आता पुन्हा हे बोलशीन तर पाहजो." कलाबाई नंतर कधी बोलल्या नाहीत. निदान कुणाला ऐकू जाईल असं नाही.

उत्तमराव आता शेत बटाईनं देतात आणि नातीला शाळेत पोचवायला जातात. पुष्पाबाई अजून चिडतात, त्याला तोटा नाही. ती काशाची वाटी त्यांनी किती वेळा चिंचेनं घासली तरी तिचा तेलकट वास जात नाही, आणि संजीवनी रोज तिच्यातच दूध प्यायचा हट्ट धरते.