अंजिराखालचं पाणी

असुंताच्या घरात स्वयंपाकघरं दोन. वरचं लखलखीत, पाहुण्यांना नुसतं दाखवायचं. तिथल्या शेगडीवर आजवर कुणी अंडंसुद्धा उकडलं नव्हतं. खरं स्वयंपाकघर तळघरात. टोमॅटो शिजवून बाटल्या भरायच्या त्या तिथेच, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळचं माशांचं जेवणही तिथेच, लांब टेबलाभोवती झाडून सगळं खानदान खेटून बसलेलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या त्या टेकडीवर सगळ्या इटालियन घरांची हीच तऱ्हा होती.

आणि त्याच तळघरात पाणी शिरत होतं. पाऊस लागला की भिंतीला घाम फुटायचा, चुन्याचे पोपडे पडायचे, कपाटातल्या पिठाला कुबट वास यायचा. मुलीने, लोरेटाने, शेवटी ठणकावलंच, "मम्मा, यंदा ओल गेली नाही तर नाताळचं जेवण माझ्याकडे. आणि हे घर विकून तुम्ही दोघं माझ्याजवळ फ्लॅटमध्ये या."

लोरेटाच्या घरात पांढरा गालिचा होता. पांढऱ्या गालिच्यावर मासे तळायचे म्हणजे कर्मकठीण. असुंताची झोप उडाली.

नवऱ्याला, नून्झिओला, यातलं काही सांगून उपयोग नव्हता. त्याचा मुक्काम परसात. घराच्या भिंतीला टेकून त्याचं अंजिराचं झाड होतं. नून्झिओच्या बापाने त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, कोटात लपवून, इटलीतल्या गावाहून बोटीने आणली होती. इथल्या थंडीत अंजीर टिकायचं नाही. म्हणून दर ऑक्टोबरात नून्झिओ भिंतीलगत लांब चर खणायचा, झाडाची एका बाजूची मुळं तोडायचा, त्याला आडवं करून चरात निजवायचा आणि वर फळ्या, पाचोळा, माती घालून पुरून टाकायचा. एप्रिलमध्ये पुन्हा उभं करायचा. आळीतले सगळे म्हातारे हेच करत.

"माझ्या सर्दीखोकल्याला कधी इतकं पांघरूण घातलं नाहीस," असुंता दरवर्षी ऐकवायची.

"तू कधी फळ दिलंस?" तो म्हणायचा.

"लोरेटा काय झाडाला लागली होती?"

जेवायला तेवढा तो तळघरात उतरायचा, हात पुसला की पुन्हा परसात. असुंताला त्या झाडाचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोला.

ओलीचा बंदोबस्त करायला तिने बर्नीला बोलावलं. हा पलीकडच्या गल्लीतला पोलिश गडी. भिंतीच्या पायाशी चर खणून त्यात खडी आणि भोकांचा पाईप घालायचा, आणि पाणी भिंतीला भिडण्याआधीच उतारावरून खाली काढून द्यायचं, हा त्याचा धंदा. त्याने आधी पाणी कुठून येतं ते बघायचं ठरवलं. नून्झिओने बाहेर रबरी नळी धरायची, असुंताने खाली उभं राहायचं.

"आलं का?" तळघराच्या छोट्या खिडकीतून नून्झिओचा आवाज आला.

"नाही."

तो नळी धरून भिंतीकडेने सरकत गेला. नाही, नाही, नाही. मग बर्नी म्हणाला, "आता त्या झाडापाशी धरा." बाहेर नून्झिओची पावलं सावकाश तिकडे गेली. मग पाणी पडायला लागलं, आणि थोड्याच वेळात शेगडीमागून एक काळी रेघ जमिनीवर उतरली आणि असुंताच्या सपातेला लागली.

वर्षानुवर्षं भिंतीलगत उकरून भुसभुशीत झालेली माती. पाण्याला झाडासाठी खणलेल्या त्या चरानेच वाट करून दिली होती. असुंताला ते लख्ख कळलं. इतकी वर्षं जिच्यावर ती जळत होती ती सवत आज रंगेहाथ सापडली होती.

"आलं का?" नून्झिओने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"नाही," असुंता म्हणाली.

म्हणाली खरं, आणि स्वतःच चकित झाली. पोतेरं शोधायला वळते तर नून्झिओ नळी टाकून आलेला, जिन्यात उभा. त्याने तिच्या भिजलेल्या सपातेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आलंय की," तो म्हणाला.

"थोडंसंच आहे. पुसून टाकते."

"किती वर्षं पुसते आहेस?" तो खिडकीकडे वळला. "बर्नी, पाईप कुठून जाईल?"

"झाड आहे तिथूनच, काका. दुसरी वाट नाही."

"मग काप ते."

"खबरदार," असुंता म्हणाली. "बर्नी, करवतीला हात लावलास तर माझ्या घरची कॉफी विसर."

"अगं, पण मग नाताळ? घर?" नून्झिओ खालच्या पायरीवर बसला. इतका थकलेला तिने त्याला बापाच्या मयतीतही पाहिला नव्हता. तिला त्याची फार माया आली.

"थंडीत झाडाला लागतं काय?" तिने विचारलं.

"काही नाही. अंधार. गोठू नये इतपत ऊब. आणि कोरडं."

"अरे, मग अंधार आणि ऊब माझ्याकडे आहेच. कोरडं बर्नी करून देईल."

एरवी एकाच बाजूची मुळं तुटायची, यंदा चारी बाजूंची तोडली. फांद्या छाटल्या. वाइनचं जुनं पिंप अर्धं कापून त्यात झाड बसवलं आणि तिघांनी मिळून, एकमेकांच्या नावाने बोटं मोडत, ते जिन्यावरून खाली उतरवलं. बर्नीने बाहेर भिंतीलगत चर खणला, कापड अंथरलं, भोकं खाली करून पाईप टाकला, वर खडी ओतली.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. टेकडीच्या पायथ्याशी पाईपच्या तोंडातून पाणी धो धो वाहत होतं, आणि तळघराची जमीन ठणठणीत कोरडी. असुंता खारा मासा धूत होती. संध्याकाळी लोरेटा पांढऱ्या गालिच्याचं नावही न काढता मुलांना घेऊन इथेच येणार होती.

नून्झिओ खाली आला. झाड आल्यापासून तो दिवसातून कितीदा तरी यायचा. "झाडाला बघून जातो," म्हणायचा, आणि तासभर हलायचा नाही. आजही आला, टेबलाशी बसला, पुढ्यातली लसूण ओढून सोलायला लागला. बोटाला काय होतंय, शेजारचा कसा निगरगट्ट आहे, माशाला मीठ किती, बडबड चालूच होती.

"झाड कसं आहे?" असुंताने विचारलं.

 नून्झिओने मान वळवून कोपऱ्यात पाहिलं. आज तो झाडाकडे बघायचं विसरलाच होता.

"बरं आहे," तो म्हणाला आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.