मशीनवरचा महादेव

घरात ऊब यावी म्हणून आम्ही मशीन आणली, तिच्या पाठीवर बर्फ धरला आणि त्या बर्फात रिसोडच्या लोकांना महादेव दिसला. हे मी आधीच एका दमात सांगून टाकते. हळूहळू सांगितलं की ऐकणारा मध्येच हसतो आणि मग मला राग येतो. हसण्यासारखं त्यात पुष्कळ आहे, पण माझी सासू त्या हिवाळ्यात मरता मरता वाचली, ते आधी ऐकावं आणि मग हसावं.

सासूबाई म्हणजे गोमतीबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांना दमा होता. दिवाळी सरली की छाती वाजायला लागायची आणि होळीपर्यंत घरात कोणी धड झोपायचं नाही. आदल्या हिवाळ्यात तर डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं होतं, "पुढची थंडी यांना झेपायची नाही. खोली उबदार ठेवा." आमचे हे, म्हणजे देवमन, धरणाच्या कामावर स्टोअरकीपर. सांगितलेलं काम करणार, पण आपल्या पद्धतीनं. दुसऱ्या कोणी शेगडी आणली असती. ह्यांनी धरणावरचे परदेशी इंजिनियर मायदेशी गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात ही मशीन उचलली. लिलावात माणसं टेबल घेतात, कपाट घेतात. आमच्या ह्यांनी पेटाऱ्याएवढं एक धूड बैलगाडीत घालून आणलं आणि म्हणाले, "माय, हे उन्हाळ्यात गार हवा देते आन हिवाळ्यात गरम."

"आन पावसाळ्यात?" आत्याबाईंनी विचारलं.

पावसाळ्याचं ह्यांना माहीत नव्हतं.

मशीन बसवायला मागच्या भिंतीला भगदाड पाडलं. तिचं तोंड आत्याबाईंच्या खोलीत आणि पाठ बाहेर, नथ्थू माळ्याच्या बागेत. भिंतीला लागूनच त्याची वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. नथ्थू काठी घेऊनच आला. "देवमनभाऊ, तुमचा पेटारा माह्या वावरात निघून राह्यला. हे चालनार नाई. उद्याच्या उद्या काढा." ह्यांनी कशीबशी समजूत घातली. हे भांडण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नथ्थूच्या बायकोचं नाव गिरजाबाई. बाई तशी मायेची. भिंतीवरून मेथीची जुडी देणार, आमच्याकडून साखर नेणार, आत्याबाईंशी तासतास बोलणार. दोघी तरुणपणी एकाच शेतात निंदायला जात. पण इतक्या वर्षांत आमच्या घरचं पाणी तिनं कधी तोंडाला लावलं नाही. उन्हातून आली, घसा कोरडा पडला, मी गिलास पुढे केला की म्हणायची, "नोको वं विमल, आज उपास हाय." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, आणि मधल्या दिवशी चतुर्थी नाहीतर एकादशी निघायचीच. उपासाला पाणी चालतं, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली, देव सोडले, उपास सोडले. आमच्या वाटणीचे सगळे उपास बहुतेक गिरजाबाईनं उचलले होते. मला राग यायचा. आत्याबाई म्हणायच्या, "जाऊ दे. पोटाचा हाय का मनाचा, उपास उपासच असते."

मशीन सुरू झाली तशी गल्लीतले सगळे दिवे मिणमिणले आणि मशीन गाभण म्हशीसारखी घुरघुरायला लागली. पण ऊब आली. खरीखुरी ऊब! आत्याबाई त्या रात्री उशाला टेकून न बसता आडव्या झोपल्या. सकाळी उठून म्हणाल्या, "देवमन, बापा, मले सपन पडलं." कित्येक हिवाळ्यांत त्यांना स्वप्न पडण्याइतकी झोपच लागली नव्हती. मी चुलीपाशी जाऊन रडले.

ते सुख आठवडाभर टिकलं. मग एका पहाटे मशीन गार वारा फेकू लागली. हे मागे बघायला गेले आणि धावत आत आले. "विमल, ऊन पानी दे. मशीनवर बर्फ धरला."

"गरम करायच्या मशीनवर?"

"ते बाहेरची ऊब ओढून आत सोडते नं. म्हनून तिची पाठ थंडगार पडते. आन नथ्थूनं रात्री वाफ्यात पानी सोडलं, सारा ओलावा तिच्यावर जाऊन बसला. बर्फ काढला नाई तं आत ऊब कुठून येईन?"

मी मोठ्या पातेल्यात, आमच्या भाषेत गंजात, पाणी तापवलं. हे गंज घेऊन मागे गेले आणि तसाच भरलेला गंज घेऊन परत आले. मागे नथ्थू चपला काढून हात जोडून उभा होता.

खोटं कशाला बोलू, मीही जाऊन पाहिलं. जाळीवर पांढराशुभ्र बर्फ फुगून आला होता, वर गोल, गुळगुळीत. खाली पाणी गळून जायला पत्र्याची तबकडी होती, तिला एका बाजूला पन्हळ. पिंडीखालची शाळुंका असते, अगदी तशी. मला हसू आलं, पण नथ्थूच्या डोळ्यांत पाणी होतं.

दिवस वर येईपर्यंत पुंजाजी आले. ते धान्याच्या बाजारात आडत करायचे आणि भजनी मंडळ चालवायचे. त्यांनी पन्हळ कोणत्या दिशेला आहे ते पाहिलं, सूर्य पाहिला, पुन्हा पन्हळ पाहिली आणि म्हणाले, "उत्तरेले हाय, पिंडीची असते तशी." झालं. नारळ फुटला.

मग काय विचारता! सांबाराचे वाफे तुडवत माणसं येऊ लागली. एसटीतून उतरून लोक विचारू लागले, बर्फाचा महादेव कुठं? मंडळानं बांबूची तिकाटी उभी करून वर तांब्याची कळशी टांगली, अभिषेकाला. थेंब थेंब पाणी रात्रंदिवस पडायचं आणि पडेल तो थेंब गोठायचा. देव वाढायला लागला. देव जितका वाढे, तितकी आमची खोली गार पडे. आत्याबाई पुन्हा उशाला टेकून बसल्या. छाती वाजू लागली.

ह्यांनी मशीन बंद केली, तर मागून एकच ओरडा झाला. "देव पाघळून राह्यले! देव पाघळून राह्यले!" पुंजाजी वळसा घालून पुढच्या दाराशी आले. आत मात्र आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबले.

"देवमन, मशीन चालू कर."

"काका, चालू ठेवली तं बर्फ वाढते. बर्फ वाढला का माय गारठते. तो बर्फ काढू द्या, मंग खुशाल चालू ठेवतो."

"देवाले ऊन पान्यानं पाघळवतं? काहून, बाप्पा, पाप लागीन ना."

"मंग बंद ठेवतो."

"बंद ठेवली का देव जातेत. तू चालू ठेव, आजीचं आमी पाहून घेऊ. चार घोंगड्या आनून देतो."

मशीन पुन्हा चालू झाली आणि घोंगड्या आल्या. भिंतीवरून फेकल्या. एक आत्याबाईंच्या डोक्यावर पडली. इकडे आमच्या मोहल्ल्यातली माणसंही दारात जमली. "देवमनभाऊ, बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना तुमी? आन तुमच्याच भिंतीवर महादेव? आत्ताच्या आत्ता फोडा तो!" मागचे म्हणत, हात लावायचा नाही. पुढचे म्हणत, ठेवायचा नाही. मशीनच काढून टाकावी म्हणून हे पाना घेऊन उठले, तर नथ्थू काठी घेऊन आडवा. "भाऊ, पेटारा माह्या वावरात हाय. तो कसा काढता तुमी? माही परवानगी घेतली?"

हे पाना मांडीवर ठेवून खाटेवर बसून राहिले. मशीन चालू केली की मायचे हाल, बंद केली की गावाशी वैर. माझ्या अंगाची आग होत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते मला झोपेतही ऐकू यायचं. माझ्या डोळ्यांदेखत माझी सासू एका मशीनच्या पाठीवरच्या बर्फापायी मरणार होती आणि बाहेर टाळ वाजत होते.

सोमवार उजाडला. बाग माणसांनी भरली. आत्याबाईंच्या ओठांवर निळसर छटा होती. मी चुलीवर पाण्याचा मोठा गंज ठेवला होता, त्यांची छाती शेकायला. त्या एकाएकी उठल्या, काठी घेतली.

"आत्याबाई, कुठं चालल्या?"

"मशीनीकडं," त्या म्हणाल्या. "माहीच हाय नं ते?"

त्या भिंतीला धरत धरत वळसा घालून बागेत शिरल्या. मी मागं. गर्दी दोन्हीकडे सरकली. भक्तीनं नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून. टाळ थांबले. आत्याबाईंनी आधी पिंडीकडे पाहिलं, मग कळशीकडे आणि मग श्वास जमवून विचारलं,

"पुंजाजी, सकायी आंगोय केली का?"

"केली ना, आजी. केल्याबिगर येतो का?"

"थंड पान्यानं का ऊन?"

"ऊनच. असा गारठा पडून राह्यला..."

"तुमाले ऊन पानी. आन याले रातभर थंड?" त्यांनी काठीनं कळशी दाखवली. "पाहा, कसा आकडून बसला. कोनाच्या घरच्या पाव्हन्याले असं करता का तुमी?"

पुंजाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. माणूस देवभोळा होता, लबाड नव्हता. गोष्ट त्यांना पटली, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"ऊन पान्याचा अभिषेक करू म्हन्ता?"

"मी कायी नाई म्हनत. थंडी कोनाले वाजते ते तुमीच पाहा."

"पन आजी, इथं ऊन पानी कुठून आनाव? गावातून आनेपर्यंत थंड होते."

आत्याबाईंनी नुसतं आमच्या घराच्या धुराड्याकडे पाहिलं. धूर निघत होता. सगळ्यांनी धुराड्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. गिरजाबाईनं तर पदरच तोंडाला लावला. आमच्या घरचं पाणी, देवाच्या डोक्यावर!

पुंजाजींनी पन्हळ पाहिली, पुन्हा धूर पाहिला आणि म्हणाले, "चुलीवरचं हाय. अग्नीतून आलं. अग्नीत काय राह्यते? आना."

"विमल, गंज आन."

मी आणला. आत्याबाईंनी तो कोणाच्या हातात दिला नाही. लोटा बुडवला आणि पाणी घालू लागल्या. गल्लीच्या तोंडाशी आमची माणसं उभी होती, तिकडून कोणीतरी ओरडलं, "गोमतामाय, प्रतिज्ञा!"

"मी मशीन धून राह्यली," आत्याबाई मागे न बघता म्हणाल्या. "हे लोक काय पाहून राह्यले, ते याईचं."

चार लोट्यांत बर्फाला चीर गेली. वरचा गोल सुटला, वाफ्यात पडला आणि फुटला. लोकांच्या तोंडून हाय निघाली. पण तेवढ्यात पन्हळीतून पाण्याची धार लागली आणि पुंजाजींनी ओंजळ पुढे केली. "तीर्थ!" मग जी रेटारेटी झाली! बायका, म्हातारे, आडते, हमाल, सगळे ओंजळी धरून. आमच्या विहिरीचं, आमच्या चुलीवरचं, माझ्या गंजातलं पाणी. आत्याबाई लोट्यामागून लोटा ओतत होत्या आणि अख्खं गाव पीत होतं. गिरजाबाईनं तर तीनदा ओंजळ भरली. तिसऱ्यांदा पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला, तेव्हा आत्याबाई हळूच म्हणाल्या,

"गिरजे, आज सोमवार नं वं? उपास नाई का?"

गिरजाबाईचा हात डोक्यावरच राहिला.

आत मशीनचा आवाज बदलला होता. आम्ही परत आलो तर खोलीत ऊब होती. आत्याबाई आडव्या झाल्या आणि दुपारपर्यंत झोपल्या.

त्या दिवसापासून देवाला रोज सकाळी ऊन पाण्याची आंघोळ ठरली, आमच्या चुलीवरच्या. बर्फ मुठीहून जास्त साचेना. पुंजाजी नेमानं येत, पण मूठभर देवासाठी एसटीतून कोण येतं? संक्रांतीनंतर गर्दी ओसरली, थंडी गेली तसा बर्फही गेला. आत्याबाईंनी होळी पाहिली. उन्हाळ्यात त्या मशीननं गार हवा द्यायची होती, पण ती गरमच देऊ लागली, म्हणून बंद केली. नथ्थूनं तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला.

वैशाखातली गोष्ट. भर दुपारी गिरजाबाई पुढच्या दारात आली. मागच्या भिंतीशी नाही, पुढच्या दारात. घामानं भिजलेली, ओठ सुकलेले.

"गोमते," ती म्हणाली, "तीर्थ हाय का वं थोडं?"

बर्फ जाऊन महिने झाले होते. माझ्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं. आत्याबाईंनी मला हातानं थांबवलं. स्वतः उठल्या, रांजणात गिलास बुडवला आणि भरलेला गिलास तिच्यासमोर धरला.

"तीर्थ नाई, गिरजे. पानी हाय. आमच्या घरचं पानी. पेतं का?"

गिरजाबाई उंबरा ओलांडून आत आली, खाली बसली आणि गिलास घेऊन गटागटा प्याली. पदरानं तोंड पुसलं.

"आनखी दे," ती म्हणाली.