अडलेला पांढरा

रंगाच्या त्या दुकानात गल्ल्यामागे खुर्ची एक आणि घरात जावा दोन. लग्न होऊन आल्यापासून खुर्ची थोरलीची. धाकटीने येताना कॉम्प्युटरची पदवी आणली आणि दुकानात नवा प्रोग्रॅम बसवला. बिल केलं की रंग साठ्यातून आपोआप वजा. सासरे म्हणाले, महिनाभर बघू. नीट चाललं तर खुर्ची धाकटीची. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखू लागलं, आणि ते दुखणं काही डॉक्टरांचं नव्हतं.

एकदा पांढऱ्याच्या साठ्याचा आकडा दुरुस्त करायला थोरलीने दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर नोंद उघडली, फोन आला म्हणून तशीच सोडून उठली. परत येते तर काउंटरवर ही रांग! एकाची दुरुस्ती पुरी होईपर्यंत दुसऱ्याने तोच आकडा बदलला तर हिशेब बिघडेल, म्हणून प्रोग्रॅम ती नोंद कुलूपबंद करतो. आणि पांढरा तर प्रत्येक छटेत पडतो. गुलाबी घ्या की आकाशी, आधी पांढराच. नुसते ब्रश नेणारे तेवढे सटकत होते, बाकी सगळी बिलं पांढऱ्यापाशी अडलेली. गिऱ्हाईकं धाकटीच्या नावाने बोटं मोडत होती. ते ऐकून थोरलीला कसं गार गार वाटलं.

मग तिची पांढऱ्याची दुरुस्ती नेमकी ऐन गर्दीत निघू लागली. तुझं यंत्र बाई फार लवकर दमतं, असं वर मायेने म्हणायची.

धाकटी काही दूधखुळी नव्हती. नोंद कोणी धरलीय ते तिला पडद्यावर दिसायचं, सोडवायचं बटणही तिच्याचकडे. पण येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, मोठ्या वहिनी कुठायत? ते तिला झोंबायचं. तिने ठरवलं, निकालाच्या दिवशी सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत अडू दे, मग दाखवते.

तो दिवस उजाडला. थोरलीने पांढरा उघडला आणि मागच्या खोलीत जाऊन डबे पुसत बसली. पुढे एक जुना कंत्राटदार अख्ख्या शाळेचा रंग घ्यायला आलेला. तो घड्याळ बघत होता, धाकटी सासऱ्यांची वाट.

सासरे पोचले तेव्हा कंत्राटदार समोरच्या दुकानातून डबे टेम्पोत चढवत होता.

धाकटीने पडदा फिरवला. "बाबा, पांढरा कोणी धरलाय ते बघा."

चष्मा लावून त्यांनी थोरलीचं नाव वाचलं. मग खालच्या बटणावर बोट ठेवलं. "आणि हे सोडवायचं बटण कोणाकडे असतं गं?"

धाकटी पावत्या नीट लावू लागली. थोरली हातातल्या फडक्यासकट दारात येऊन ठेपली.

त्यांनीच बटण दाबलं. थोरलीची अर्धवट दुरुस्ती पुसली गेली, जणू केलीच नव्हती, आणि अडलेली बिलं भराभर निघाली. मग त्यांनी फर्मान काढलं: प्रोग्रॅम राहील, पण नोंद उघडून कोणी उठून गेलं तर ती थोड्या वेळात आपोआप सुटली पाहिजे. एवढं बोलून ते गल्ल्यामागे जाऊन बसले.

"ही खुर्ची मी धरलीय. ती आपोआप सुटायची नाही."

त्या दिवशी दोघी जावांना जेवण गोड लागलं. आपल्याला नाही मिळाली, पण तिलाही कुठे मिळाली?