वीतभर उघडा खण

"परत रेघेच्या चुकीच्या बाजूला कापलं," बाबा म्हणाले आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली. तिथं आधीच्या तीन वाया गेलेल्या फळ्या उभ्या होत्याच.

बेचाळीस वर्षं बाबांनी लोकांच्या टेबलांचे, कपाटांचे खण केले. खिळा नाही, स्क्रू नाही. एका फळीला कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात, दुसरीला त्यांच्या मापाच्या खाचा, सगळं हातानं कापलेलं. जोड बसला की त्यात केससुद्धा शिरायचा नाही. आमच्या घरात मात्र औषधालाही खण नव्हता. आईचा सगळा संसार पलंगाखालच्या ट्रंकेत. "पुढच्या महिन्यात तुझा करतो," हे बाबांचं वाक्य माझ्याच वयाचं असेल. आता आईचे गुडघे वाकत नाहीत, आणि हात थरथरतो म्हणून फर्निचरच्या कारखान्यानं बाबांना घरी बसवलंय. तेव्हा कुठं आमच्या या साहेबांना आईच्या खणासाठी सवड झाली!

जेवढं कापून टाकायचं तेवढ्यावर पेन्सिलीनं फुली मारायची, हा या कामातला पहिला धडा. बाबांनी तो कितीजणांना ओरडून शिकवला, स्वतः कधी पाळला नाही. सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आता डोक्यात राहत नव्हतं.

"बाबा, फुल्या मी मारून देऊ?" मी जरा भीतभीतच विचारलं.

"मला काय बालवाडीत घालतेस?"

पलंगावरून आई म्हणाली, "अहो, दमलात किती! राहू द्या आता. बाजारातला आणू एखादा. माझं काही अडलं नाही."

एरवी बाजारातला म्हटल्यावर बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज ते नुसते स्टुलावर बसून राहिले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

बऱ्याच वेळानं त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "ठळक मार. बारीक दिसत नाही आता."

पाचवी फळी शेवटचीच होती. मी फुल्या मारल्या, बाबांनी कापलं. सगळे दात नीट उतरले, पण शेवटच्याला हात हलला आणि जोडात फट राहिली. त्यांनी लाकडाची पातळ पाचर तासून तिथं बसवली. पाचर मारणाऱ्यांना ते जन्मभर नावं ठेवत आले होते.

खण पलंगाशेजारच्या टेबलाला बसला. आईनं एका बोटानं ओढला. चष्मा, गोळ्या, सुईदोरा आत ठेवला, आणि खण वीतभर उघडाच ठेवला. समोरून जोड दिसत नाही, खण ओढला की बाजूला दिसतो.

बाबा येताजाता खण बंद करायचे. "धूळ जाते," म्हणायचे. त्यांची पाठ वळली की आई उघडायची. आठवडाभर दोघांचं हेच चाललं होतं.

शेवटी आईनं विचारलंच, "ती पाचर दिसते म्हणून खण बंद करता ना?"

बाबांनी खण पुन्हा आत ढकलला.

"बेचाळीस वर्षं तुम्ही लोकांसाठी काय करत होतात, मी एकदाही पाहिलं नाही. आता बघू द्या की मला."

संध्याकाळी तिला पाणी द्यायला जाताना बाबांचा गुडघा खणावर आपटला. त्यांनी गुडघा चोळला आणि खणाला वळसा घालून ते पलीकडून तिच्याजवळ गेले.