पेशंट शुद्धीवर आहे

जळीत वॉर्डाच्या डॉक्टरांना सगळे पाठीमागे ‘होईल-बरं’ म्हणत. वीस वर्षांत त्यांनी पेशंटला दुसरं वाक्य ऐकवलं नव्हतं. ते खोटं ठरलं म्हणून तक्रार करायला सहसा कुणी उरत नसे.

त्या सकाळीही पाच नंबरच्या खाटेवरच्या पोरीला ते सवयीनं म्हणून गेले, “होईल बरं.” पोरगी पंचविशीची, ऐंशी टक्के भाजलेली, आणि घडाघडा बोलत होती. बाहेर सासू येईल त्याला सांगत होती, “दुखत नाही म्हणते! खमकी आहे आमची सून.” कातडी खोलवर जळली की दुखणं कळवणाऱ्या नसाही जळतात. दुखत नाही, हीच वाईट बातमी होती.

घरच्यांचं म्हणणं, स्टोव्ह भडकला. स्टोव्ह भडकला की पोट, मांड्या आणि हात आधी सापडतात. हिचे केस, टाळू, खांदे जळले होते आणि तिथून ओघळ खाली उतरले होते. स्टोव्ह बहुधा माळ्यावर बसून भडकला असावा.

दुपारी जबाब घ्यायला दंडाधिकारी साहेब आले. ते दारात नातेवाइकांना बाहेर काढत होते, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “डॉक्टर, खरं सांगा. मी जगणार ना?”

“का गं?”

“जगणार असेन तर त्याच घरात जायचंय. लेक तिथंच आहे माझी. मरणारच असेन, तर मग सांगून टाकते.”

डॉक्टरांनी तोंड उघडलं, तोवर साहेब खाटेशी आले होते. “डॉक्टर, पेशंटला आता काही सांगायचं नाही. शुद्धीवर आहे का, तेवढं लिहा.”

“साहेब, ती आत्ता म्हणाली की...”

“ती मला म्हणेल ते लिहीन. तुम्ही म्हणाल ते नाही.”

ती डॉक्टरांचं तोंड निरखत होती. “सकाळी तर बरं होईल म्हणालात,” ती पुटपुटली, आणि साहेबांकडे वळली. “स्टोव्ह भडकला. माझाच वेंधळेपणा.”

साहेबांनी तीनदा विचारलं. तीनदा तेच. हाताची बोटं ठशाच्या कामाची नव्हती, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. तळपाय कोरे होते. डॉक्टरांनी लिहिलं: पेशंट पूर्ण शुद्धीवर, जबाब देण्यास सक्षम. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

साहेब गेले.

“डॉक्टर, सोमवारपर्यंत सोडाल ना घरी? लेकीची शाळा उघडतेय.”

नीट चाललेलं सलाईन डॉक्टर पुन्हा नीट करत राहिले.