अर्जुनरावांच्या परसबागेतला तट्ट्या

मी एक जुना तट्ट्या आहे. बांबूच्या कामट्यांनी विणलेला, माणसाच्या डोक्याहून वीतभर उंच. डोणगावात अर्जुनरावांच्या परसबागेत, रस्त्याच्या कडेला उभा असतो. मित्रांनो, तुम्ही शाळेत जाता, शहाणे आहात, म्हणून तुम्हालाच विचारतो. माझं काम नक्की काय? इतकी वर्षं झाली, पण मला ते अजून नीट उमगलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. बुरडाच्या अंगणात माझ्या कामट्या सोलल्या, भिजवल्या आणि विणल्या. विणणारी बाई म्हणाली, "हा बैलगाडीले लागन." मी खूश! म्हटलं, चला, बाजार पाहायला मिळणार. इतक्यात अर्जुनराव आले. त्यांनी मला उभं करून पाहिलं, खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं. कशासाठी, ते काही बोलले नाहीत.

पहिला दिवस मी भिंतीला टेकून होतो. परसबाग छान होती. वालाचा मांडव, मोगरा, दोन केळी आणि मांडवाखाली एक बाज. पण समोरच रस्ता, आणि रस्त्यापलीकडे कडुलिंबाचा पार. गावची वडीलधारी मंडळी तिथे दिवसभर बसलेली. अर्जुनरावांची नवी सून अन्नपूर्णा शेंगा निवडायला बाजेवर टेकली, की कोणीतरी रस्त्याने जाई आणि ती डोक्यावरचा पदर सावरत ताडकन उभी राही. पुन्हा बसे, पुन्हा उभी! पाहून मलाच दमायला झालं. तिचा नवरा लोणारला मास्तर होता, रविवारीच एस.टी.ने घरी यायचा.

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी मेढी रोवल्या आणि मला सुतळीने आवळून बांधलं. त्यांच्या बायकोला, सरस्वतीबाईंना, मी फार आवडलो. त्या शेजारणीला म्हणाल्या, "बरं झालं माय! आता आमची सून कोणाच्या नजरेले पडत नाही."

अन्नपूर्णेने ते ऐकलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून ती बाजेवर बसेनाच. झाडांना पाणी घालायची आणि माझ्याजवळ येऊन रडायची. "कोंडलं मले," म्हणायची. मी तर पार चक्रावलो. सासू म्हणते झाकायला आणला, सून म्हणते कोंडायला आणला. ज्यांनी आणलं ते गप्प. त्या घरात सासरा-सून एकमेकांशी बोलतच नसत. काही सांगायचं तर सरस्वतीबाईंमार्फत. असे तीन महिने गेले.

नागपंचमीच्या सणाला माहेरी न्यायला अन्नपूर्णेचा भाऊ शालिग्राम उंद्रीहून बैलगाडी घेऊन आला. ती त्याला परसबागेत म्हणाली, "दादा, मले घेऊन चाल. मी वापस येणार नाही."

"काऊन वो? मारतात का तुले?"

"नाही. पण मले कोंडून ठेवलं. जीव गुदमरते माहा."

शालिग्राम तिचं गाठोडं आणायला घरात गेला. माझ्या पलीकडे, रस्त्यावर, अर्जुनराव त्याच्या बैलांना वैरण घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्याजवळ आले, खाकरले आणि, मित्रांनो, चक्क बोलले!

"बाई, हा तट्ट्या तुले कोंडाले नाही आणला. तू बाजेवर बसे, कोणी आलं का उठे. बसे न् उठे. मले पाह्यवत नव्हतं. म्हटलं, पोरीनं पदर खाली घेऊन घडीभर निवांत बसावं. मीही तुले दिसू नये म्हणून एवढा उंच आणला."

अन्नपूर्णा दचकली. मग हळूच म्हणाली, "मामाजी, मंग तुमी सांगतलं काऊन नाही?"

"तू समोर आली का मले बोलताच येत नाही, बाई. आता दिसत नाहीस, म्हणून जमलं."

ती रडता रडता हसली. बाजेवर जाऊन बसली आणि डोक्यावरचा पदर तिने खाली घेतला. शालिग्राम गाठोडं घेऊन आला तो बघतच राहिला.

"पंचमी करून येते, दादा," ती म्हणाली. "सोमवारी आणून सोडजो."

त्याला काहीच कळलं नाही. मला तरी कुठे कळलं होतं!

आता चार-पाच पावसाळे खाऊन मी खालून कुजलो आहे. संध्याकाळी अर्जुनराव पलीकडे स्टूल टाकून बसतात, अलीकडे अन्नपूर्णा. वालावर माव्याची कीड पडली, तिच्या बाळाला खोकला झाला, सगळं बोलतात. घरात गेले की दोघेही मुके! मी आड आलो म्हणून बोलतात म्हणावं, तर आड येणं चांगलं की वाईट? माझं डोकंच चालत नाही.

परवा सरस्वतीबाई म्हणाल्या, "कुजला मेला, चुलीत घाला." मित्रांनो, तेवढं होऊ देऊ नका. दोन कामट्या बदला, सुतळी आवळा, मी अजून टिकेन. आणि घरात कोणासाठी मायेनं काही केलंत, तर ते त्याला तोंडाने सांगा. ती पोर तीन महिने माझ्याजवळ रडली. मी तिथेच उभा होतो, पण तिची समजूत काढू शकलो नाही, कारण मलाही कोणी काही सांगितलं नव्हतं.